अंबाडीतली दोन रोपं

ती घटना आजही विसरता येत नाही. पोलिसाच्या नोकरीत खून, दरोडे हाताळले. पण तेव्हा तपास माझ्या हातात असायचा. मदिनेत मी नुसता दुभाष्या होतो.

हज यात्रेकरूंच्या मदतीसाठी आम्हा काही पोलिसांना प्रतिनियुक्तीवर मदिनेला पाठवलं होतं. चुकलेली माणसं शोधायची, बॅगा जुळवायच्या, असं काम. एके सकाळी निरोप आला, की स्थानिक पोलिसांनी आपल्याकडच्या एकाला धरलंय आणि तो घाबरून मराठीशिवाय काही बोलत नाही. मी रायगडचा, म्हणून मला जायला सांगितलं.

धरलेला माणूस रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, हॉटेलच्या धुलाई विभागात कामाला. गच्चीवर त्याने गांजा लावलाय, अशी खबर इमारतीच्या राखणदाराने दिली होती. जप्त करून आणलेल्या कुंड्या ठाण्यात भिंतीशी ओळीने मांडल्या होत्या. तपास अधिकारी इंग्रजीत बोलायचा. सभ्य, पण घाईत.

कुंड्या पाहून मला हायसं वाटलं. पान गांजासारखं दिसत असलं तरी ती अंबाडी होती. एक पान चावून पाहिलं, आंबट. "ही आमच्याकडची पालेभाजी," मी अधिकाऱ्याला सांगितलं. मग टोकाच्या दोन कुंड्यांवर वाकलो आणि उग्र वास नाकात शिरला. आमच्या मुद्देमालाच्या खोलीत गांजाचा हा वास मी कितीदा घेतला होता. तेही मी सांगितलं, आणि त्या माणसाकडे वळलो.

"या दोन कुंड्यांत अंबाडी नाही."

ज्याला ठाऊक असतं तो अशा वेळी दाराकडे बघतो, असा माझा अनुभव. हा कुंड्यांकडेच बघत राहिला आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

"खोलीत आणखी कोण असतं?"

"मेहुणा."

"काय करतो?"

"मोबाइलच्या दुकानात होता. आता तिथं सौदीच माणूस ठेवायचा, असा नियम आला. इकाम्याची, इथं राहायच्या परवान्याची, मुदतही संपत आलीय. बसून असतो." त्याने हात जोडले. "साहेब, सगळी झाडं माझीच. तसंच लिहा."

"काय म्हणाला?" अधिकाऱ्याने पेन उघडलं.

कबुली एकदा कागदावर चढली की उतरवणं किती अवघड, हे मला ठाऊक होतं. तिथे या गुन्ह्याची शिक्षा भयंकर. पण दुभाष्याने शब्द गिळायचे नसतात. तो म्हणाला ते मी जसंच्या तसं सांगितलं आणि पुढे म्हणालो, "तो कुणाला तरी पाठीशी घालतोय. लिहिण्याआधी त्याच्या मेहुण्याला विचारू या."

पेन ठेवून अधिकारी उठला. "यल्ला," चला, म्हणाला.

मेहुणा बाहेरच बाकावर होता.

"भावजींच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणल्यात," तो म्हणाला.

"सगळी झाडं त्यांचीच, असं सांगतायत ते."

"कोण, भावजी?"

"हो. लिहून घ्या म्हणतायत."

तो बाकावरून उठला, परत बसला. "बी मला एकाने दिलं. झाडं वाढली की विकून देतो म्हणाला. भावजी रोज सगळ्याच कुंड्यांना पाणी घालायचे. त्यांना काय माहीत, साहेब?"

तेच जबाबात आलं. मी आत जाऊन सांगितलं, तेव्हा भावजींनी डोकं धरलं. "माझ्यावर राहू दिलं असतंत. आता हिला काय तोंड दाखवू? तिनंच धाडला होता त्याला माझ्याकडे."

मेहुण्याला मोठी शिक्षा झाली. भावजी सुटले, पण कफीलने, म्हणजे त्यांना तिथे कामावर आणणाऱ्या मालकाने, त्यांना ठेवून घेतलं नाही. निघण्यापूर्वी ते आमच्या कार्यालयात कागदांसाठी आले होते. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला त्याचा राग आला नाही.

तसाच प्रसंग पुन्हा आला तर मी तसंच भाषांतर करीन. पण आरोपीने पटकन कबुली दिली की ठाण्यात सगळ्यांना बरं वाटतं, काम संपल्यासारखं. मदिनेहून परतल्यावर मला तसं कधी वाटलं नाही. झटपट मिळालेल्या कबुलीची मला भीतीच वाटू लागली.