ओटीतला चांदीचा रुपया

इकडे सरक पोरी, जवळ बस, असं आज पत्रातूनच म्हणते. माझ्या कागदाची शेवटची ओळ आधी वाचायची तुझी खोड काही जात नाही. आज मात्र वरून खाली वाच. सांगायला मला इतकी वर्षं लागली, तर ऐकायला तुला घाई काहून?

तुझं लग्न ठरलं त्या नवरात्रातली गोष्ट. आपण तेव्हाही इथेच, प्रतापनगरात राहत होतो. देवळात जमलेले ओटीचे तांदूळ निवडायचं काम आम्हा बायकांकडे असे. तांदळात नाणं सापडलं की देवीच्या पेटीत टाकायचं, एवढाच नियम. माझ्या सुपात रुपया आला. जुना, चांदीचा, काठावर कडी तोडल्याची खूण. हाताला जड लागला, आणि डोळ्यांपुढे तुझी पायाची बोटं आली. जोडव्यांपुरती चांदी काही जमली नव्हती. मी पदराच्या गाठीतला साधा रुपया पेटीत टाकला आणि हा गाठीत बांधला. रुपयाच्या बदल्यात रुपया, देवीचं काय गेलं? असं म्हणत घरी आले. पण मग तुझ्या बाबांना का नाही सांगितलं? सोनाराकडेही एकटीच गेले.

लग्नानंतर तू पहिल्यांदा माहेरी आलीस, तेव्हा शेजारची म्हातारी तुला बघायला आली. आठवतं? तुझ्या पायाशी बसून सैल झालेलं जोडवं तिनंच दाबून बसवलं.

“काय वं, बेस आहेत. केव्हा केली?”

“घरात जुनी चांदी होती,” मी म्हणाले.

“नशिबाची हायेस! माह्या माळेत एकच रुपया उरला होता, तो मी नवरात्रात ओटीत घातला. नातवाचा ताप उतरला ना, बोलली होती मी देवीले. आता देवी मिरवून राहिली असन माह्या रुपयानं!”

तू हसलीस. मी चहाचं निमित्त करून आत गेले, ती बराच वेळ बाहेर आले नाही.

ती म्हातारी आता अंथरुणाला खिळली आहे. मी पेज घेऊन जाते, तर म्हणते, “देवीचे तांदूळ निवडले तू, तुह्या हातचं गोड लागते मले.”

मी नवी जोडवी करून ठेवली आहेत. पुन्हा अदलाबदलच म्हण, पण या वेळी लपून नाही. तू जुनी घेऊन ये. आधी तिला सांगू, मग ती म्हणेल तिथे ठेवू. शिव्या दिल्या तर मी खाईन, तू नुसती बाजूला उभी राहा. एकटीनं तिच्यापुढे तोंड उघडत नाही. खापरखेड्याहून सकाळचीच बस धर. तिच्याकडे फार दिवस नाहीत बाई, लवकर ये.