बुजवलेल्या खाचा

झारीमावशी नगरपालिकेच्या बागखात्यात बावीस वर्षं माती उकरत होती. खरं नाव हजेरीपटापुरतं. जेवायला बसली तरी झारी मांडीला लागून असायची, म्हणून हे दुसरं नाव चिकटलं.

उताराच्या गल्लीत तिची धाकटी बहीण राहायची. पाऊस झाला की रस्त्याचं पाणी थेट तिच्या चुलीपर्यंत. तीन वर्षांपूर्वी पालिकेनं धोरण काढलं, रस्त्याकडेला खोलगट वाफे करा, पाणी त्यात मुरू द्या. मावशीला हसू आलं. वाफा उंच भरायचा, एवढंच ती शिकलेली. तरी तिनं खणलं, रस्त्याचं पाणी आत शिरायला कडेच्या दगडांत वीतवीत खाचा ठेवल्या, गवत लावलं. दोन पावसाळे बहिणीचा उंबरा कोरडा राहिला.

मग कुठलेसे पाहुणे शहर बघायला येणार, म्हणून सुशोभीकरणाचं खूळ निघालं. खाचा पडक्या दातांसारख्या दिसतात म्हणे! ठेकेदारानं त्या सिमेंटनं बुजवल्या, वर रंगाचे पट्टे ओढले. मावशीनं मुकादमाचं डोकं खाल्लं, अभियंत्याच्या दारात दोनदा ताटकळली. माळ्यानं झाडाकडे बघावं, असं तिला सांगण्यात आलं.

पुढच्याच पावसात बहिणीच्या घरात गुडघाभर पाणी, पिठाचा डबा खाटेपाशी तरंगतोय. आणि चौकशीत निघालं काय, तर वाफेच कुचकामी. उपटा, फरशी घाला. गवत पाणी पीत नाही, असं लिहिलेल्या कागदावर मावशीची सही तेवढी हवी होती.

कागद घेऊन तीन साहेब गल्लीत आले. थोरला गोड आवाजात म्हणाला, "करा सही, मावशी. तुमच्यावर काही येत नाही."

मावशीनं भरलेली झारी रस्त्यावर उपडी केली. पाणी रंगीत दगडांना घासत पळालं, एकाही वाफ्यात न शिरता थेट थोरल्याच्या बुटात गेलं.

"अहो, हे काय करताय?"

"मी काय केलं? ते आतच निघालं होतं. तुम्ही दार लिंपलंत." तिनं पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला आणि पहिल्या बुजवलेल्या खाचेपाशी बसकण मारली. "थांबवायचं असेल तर तेही लेखी द्या."

तिघांपैकी पेन कुणीच उघडलं नाही.

तिसऱ्या ठोक्याला सिमेंट भुगा होऊन पडलं. ठेकेदारानं मालात मारलेला हात असा मावशीच्या कामी आला. बहिणीनं घरात अजून तुंबलेल्या गढूळ पाण्याची बादली आणून तिथंच रस्त्यावर ओतली. पाणी खाचेतून आत वळलं, आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत गवतात मुरून गेलं.

मावशी दुसऱ्या खाचेकडे सरकली.