निवियाक्सीची पाठ आणि माझा पाना

स्प्रिंग मी ढिली केली आणि पाठ गेली निवियाक्सीची.

त्या हिवाळ्यात मी दक्षिणेकडे जाऊन चार महिने इंजिनदुरुस्ती शिकून आलो होतो. आल्यापासून गावातल्या प्रत्येक बर्फगाडीकडे मी डॉक्टर रोग्याकडे बघतो तसा बघायचो. आमची गाडी मागून फार उडते, असं घरचे म्हणाले. मी मागची बाजू वर उचलली, दोन्ही स्प्रिंगांच्या टोकांचे खाचांचे ठोकळे पान्याने फिरवून सगळ्यात मऊ खाचेवर आणले आणि एकट्यानेच गोठलेल्या खाडीवर चक्कर मारली. गादीवर बसल्यासारखं वाटलं. शेजारच्या जेपिटीकाकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, “आता हिच्यावर अंडीसुद्धा फुटायची नाहीत.”

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर माझ्या मागे निवियाक्सी बसली.

निवियाक्सी एकाहत्तर वर्षांची आहे आणि माझी मुलगी आहे. तिचे वडील मलिकी वारले, पुढे मी जन्मलो आणि त्यांचं नाव मला दिलं. आम्हा इनुइटांत नावाबरोबर नातंही येतं. म्हणून ती मला बाबा म्हणते आणि मी तिला पोरी. मी दोन वर्षांचा असताना “बाबा, शेंबूड” म्हणत माझं नाक पुसायची.

बर्फगाडीमागे ओढायच्या गावातल्या निम्म्या लाकडी घसरगाड्या तिच्या हातच्या. त्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकत नाहीत, दोरीने बांधतात, म्हणजे खडबडीत बर्फावर गाडी अंग वाकवते. दोरी किती आवळायची ते तिच्या बोटांना कळतं. दर वसंतात ती मोठ्या तळ्यावर मासे धरायला जाते, आणि बसते फक्त माझ्या मागे. “बाबांच्या मागे लहानपणापासून बसतेय,” म्हणते.

त्या दिवशी तळ्यावर जायला आम्ही दोघं बसलो तेव्हाच गाडी मागून पार खाली गेली होती. स्प्रिंगला आणखी दबायला जागाच नव्हती. पुढे वाऱ्याने कोरलेले बर्फाचे वरंबे लागले. प्रत्येक वरंब्यावर लोखंड लोखंडावर आपटायला लागलं. पाचव्या-सहाव्या दणक्याला निवियाक्सी उडाली आणि खाली पडली. तिच्या अंगाखाली तिची गळाची दांडी मोडली. कॅरिबू हरणाच्या शिंगाची, तिच्या वडिलांनी तासलेली.

“लागलं का, पोरी?”

“नाही.” उठायला तिला बराच वेळ लागला.

“बर्फच खराब आहे यंदा,” मी म्हणालो.

तिने बर्फाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आम्ही परत फिरलो.

तीन दिवसांनी दुकानात जेपिटीकाकांनी मला गाठलं. “काय मलिकी, अंडी फुटली म्हणे?” सगळे हसले. निवियाक्सी तिथेच होती, मांडणीला धरून उभी. म्हणाली, “गाडी चांगली होती. माझीच पाठ जुनी झालीय. यंदा तळ्यावर नाही जायची मी.”

मला तिथल्या तिथे बटाट्यांच्या पोत्यात शिरावंसं वाटलं. तळ्यावरचा बर्फ तीन आठवडेच टिकणार होता, आणि तिने एकही वसंत चुकवला नव्हता. त्यानंतरचे दोन दिवस मी तिच्या घरावरून जायला लागू नये म्हणून कचराकुंड्यांच्या बाजूने फिरलो. तिसऱ्या दिवशी गेलो.

“पोरी, बर्फ चांगला होता.”

“ठाऊक आहे.”

“मग दुकानात तसं का बोललीस?”

“चारचौघांत बापाला कोण बोलतं?” ती म्हणाली. “गाडी आण इकडे.”

गाडी आणली. ती काठी टेकत बाहेर आली. मी स्प्रिंगचे ठोकळे दाखवले. तिने एकच विचारलं, “हे केलंस तेव्हा मी गाडीवर बसले होते?”

“नाही.”

“मी पोर होते तेव्हा घसरगाडी बांधताना आधी मला वर बसवायचास. मग दोरी आवळायचास. विसरलास वाटतं.”

चार महिन्यांच्या शिक्षणात हेच सांगितलं होतं: बसणाऱ्यांच्या वजनावर स्प्रिंग लावायची. मी वहीत लिहूनही घेतलं होतं.

जेपिटीकाका हसतच आले. त्यांनी रिकाम्या गाडीच्या मागच्या बंपरची उंची एका काठीवर खुणेने धरली. मी आणि निवियाक्सी बसलो, गाडी वीतभर खाली गेली. मी सगळ्यात कडक खाच लावली, तेव्हा गाडी जेमतेम हलली.

“ही तर दगडावर बसल्यासारखी,” निवियाक्सी म्हणाली.

मधली खाच लावली. चार बोटं खाली. तिने बसल्या जागी दोनदा अंग दाबून पाहिलं, डोळे मिटून, जणू दोरीची गाठ तपासतेय.

“ही बरोबर आहे, बाबा.”

“वही फाडून टाक रे,” काका म्हणाले.

पाठ सरळ व्हायला आणखी आठवडा गेला. मग आम्ही तळ्यावर गेलो. वरंब्यांवर ती एकदाही हळू म्हणाली नाही. मीच कासवासारखा चाललो. बर्फाला भोक पाडल्यावर तिने पिशवीतून गळ काढला. दोरा हॉकी स्टिकच्या मोडक्या तुकड्याला गुंडाळलेला होता. मी दुसरीकडे पाहिलं.

शिंगाची दांडी मी करून देणार, असं कबूल केलंय. पहिली वाकडी झाली, दुसरी चिरली. दोन्ही तिने हातात घेऊन नीट पाहिल्या.

“माझी जुनी दांडी किती छान केली होतीस, बाबा,” ती म्हणाली.

तिसरं शिंग अजून आमच्या पायरीखाली पडलंय.