सड्यावरची आरोळी

पांढुर्ण्याहून गाडी सुटली तेव्हापासून मी बायकोला एकच धडा देत होतो: तिकडे हळू बोलायचं. लेक रत्नागिरीकडे एका शाळेत शिकवते, तिच्या ओळखीच्या लोकांपुढे आपलं हसं नको. आम्ही सौंसरकडची संत्रेवाली माणसं, शेताच्या या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या धुऱ्याला बोलायची सवय.

रविवारी सकाळी लेक आम्हाला सड्यावर घेऊन गेली. सडा म्हणजे तांबड्या कातळाचं माळरान. चालता चालता ते एकदम तुटतं आणि खाली थेट समुद्र. लाटांवर पांढरे कुरव पक्षी घिरट्या घालत होते. बायको अगदी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाप्पा! आपली जाम नदी त याच्यात एक लोटा होईन." मी तिला डोळ्यांनीच दटावलं. शेजारी दुर्बिणी लावून माणसं बसली होती ना!

त्या सगळ्यांचं लक्ष कड्याखालच्या एका झाडावर होतं. तिथं समुद्री गरुडाचं घरटं, आणि त्यात एकच पिल्लू. दुसरं आधीच मेलं होतं. हे तरी जगावं म्हणून लेकीचा जीव टांगणीला लागलेला. थंडीपासून सुट्टीच्या दिवशी ती इथंच येऊन बसायची. फोनवर आमची तब्येत विचारून झाली की पिल्लाची सांगायची.

बऱ्याच वेळानं मादी आली. पंजात मासा होता. लेकीनं माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात कावळ्यांची टोळी मादीच्या मागे लागली. आमच्याकडे ज्वारी हुरड्यात आली की पाखरांवर आरोळी द्यावी लागते, आणि ती आरोळी विचारून येत नाही. मी उभा राहिलो, टाळ्या पिटल्या आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "होऽऽ हो हो होऽऽ!"

कावळे पळाले. कुरवही पळाले. मादीच्या पंजातून मासा सुटला आणि ती समुद्राकडे वळली, ती दिसेनाशीच झाली.

सगळ्यांनी दुर्बिणी खाली करून माझ्याकडे पाहिलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. "बाबा, खाली बसा," लेक म्हणाली. तिनं माझा हात सोडला होता. खाली पिल्लू चोच उघडून ओरडत होतं.

ऊन चढेपर्यंत थांबलो. मादी आली नाही. दुपारची परतीची गाडी होती, उठावं लागलं. टोमणा मारायचा बायकोला पूर्ण हक्क होता, आणि तिनं मारला असता तर मी सुटलो असतो. ती लेकीला एवढंच म्हणाली, "त्याईले वाटलं वं माय, कावळे पिल्लाचं खाणं पळवून राहिले." लेकीनं मान हलवली. स्टेशनवरही ती फारसं बोलली नाही.

गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. चहावाल्याकडेही पाहवेना. दिवस कलला तेव्हा बायकोचा फोन वाजला. लेक आम्हाला सोडून परत सड्यावर गेली होती.

"आई, बाबांना सांग, आली ती! पिल्लू खाऊन राहिलं!"

"आली वं माय, आली!" बायको एवढ्यानं ओरडली की सगळा डबा आमच्याकडे वळून पाहू लागला.

हळू बोल म्हणायला मला तोंड कुठं होतं?