मानेत गेलेलं शेत

दोन हजार सालानंतर आमच्या जांभूळ गावाच्या बाजूला जमिनी विकायची लाट आली. ज्याची जमीन गेली, त्याच्या दारात लवकरच नवी जीप यायची आणि मालकाच्या गळ्यात करंगळीएवढी जाड सोन्याची साखळी. साखळी दिसावी म्हणून ही मंडळी भर थंडीत शर्टाची वरची बटणं उघडी टाकून फिरायची आणि मग खोकत बसायची. माझ्या वडिलांनीही शेत विकलं. त्यांच्या गळ्यात काही आलं नाही. आमचं शेत माझ्या मानेत गेलं.

माझं दुखणं सांगायला सोपं आणि पटवायला महाकठीण होतं. उजव्या कानात नाडीच्या ठोक्याबरोबर दिवसरात्र घूं-घूं चालायचं. वाकलं की डोकं आतून तट्ट फुगायचं आणि मान उजवीकडे वळवली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. अंबरनाथ पश्चिमेला एका क्लासमध्ये मी शिकवायचे. फळ्यावरून पोरांकडे वळताना टेबल धरून उभी राहायचे. त्यात मी दिसायला चांगली गुटगुटीत, त्यामुळे आजारी माणसाला मिळतो तो मान काही मला मिळेना. वडिलांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, घरचं सगळं डॉक्टरी काम बघायची. तिने निदान केलं, "लगीन करून टाका हिचा, सगला बरा व्हल." शहरातल्या डॉक्टरांनी टेन्शन म्हणून सांगितलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. आत्याचं निदान त्या मानाने स्वस्त होतं.

उल्हासनगरात स्कॅनही झाले. तिथला माणूस प्रत्येक वेळी बजावायचा, "एकदम सीधा देखो मॅडम, हिलना नहीं." मी जन्माची आज्ञाधारक. नाकासमोर बघत श्वास रोखून पडायचे आणि रिपोर्ट दर वेळी झकास यायचा. परीक्षेत पास झाल्याचं एवढं दुःख मला दुसऱ्या कुठल्याच वेळी झालं नाही.

शेवटी सायबर कॅफेत बसून शोधता शोधता जर्मनीतल्या एका सर्जनचा पत्ता लागला. मी माझी सगळी रडकथा मोडक्या इंग्रजीत पाठवली. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. मान उजवीकडे वळवून स्कॅन काढा आणि पाठवा. उल्हासनगरचा माणूस ऐकेना. "ऐसे में फोटो खराब आता है, मॅडम." तेव्हा वडील दारातूनच म्हणाले, "येऊं द्या खराब. आमाला खराबच पायजे."

तो खराब फोटो फारच छान आला. मान वळवली की मानेतली मोठी शीर कानामागचं एक बारीक हाड आणि वरचा मणका यांच्यात सापडून पार चपटी व्हायची. डोक्यातलं रक्त खाली उतरायला वाट नव्हती. मुंबईच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की असलं ऑपरेशन आम्ही केलेलं नाही. जर्मन सर्जनने आधी केलं होतं, पण त्यानेही स्पष्ट लिहिलं, की हाड काढीन, आवाज जाईलच असं वचन देत नाही.

एवढ्यावर वडिलांनी शेत विकायला काढलं. साधंसुधं शेत नव्हतं ते. एका बांधावरून हाक मारली तर दुसऱ्या बांधावरच्याला नीट ऐकू जायची नाही आणि गावात सगळ्यांच्या आधी भात तिथे पिकायचं. लोक पारावर त्यांना गाठून विचारायचे, "मानेसाटी कोन शेत इकतो का?" वडील म्हणायचे, "बगू." मी मात्र घाबरून गेले होते. आवाज राहिला आणि शेत गेलं तर मी या माणसाला तोंड कसं दाखवणार होते?

जर्मनीला वडील सोबत आले, डोक्यावर टोपी आणि पिशवीत सुके बोंबील घेऊन. हॉस्पिटलच्या त्या चकचकीत खोलीत त्यांनी पिशवी एकदाच उघडली, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी. वासाने नर्स धावत आली आणि आधी माझंच ड्रेसिंग तपासून गेली.

त्याच्या आदल्या दिवशी, ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा जागी झाले तेव्हा वडील खुर्ची पुढे ओढून बसले होते. कसं वाटतंय वगैरे काही नाही. एकच शब्द. "आवाज?"

मी कान देऊन ऐकलं. मग मान हळूच उजवीकडे, त्यांच्याकडे वळवली. म्हटलं, "नाय." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बसल्या जागी झोपून गेले. मी त्यांचं घोरणं ऐकत राहिले.

घरी आल्यावर अख्खं गाव मान बघायला आलं. कुणाचा नवा बंगला बघायला जावं तसेच आले, नटूनथटून. सर्जनने टाका कानामागच्या घडीत असा लपवला होता की दाखवायला केस वर धरावे लागत. लोक वाकून बघत, हिरमुसत आणि चहा पिऊन जात. सगळ्यांत शेवटी आत्याने चष्मा लावून बघितलं. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या.

"एवरासाच?" ती वडिलांवर कडाडली. "आरं, एवऱ्या मोठ्या शेताचा एवरासाच?"

आजवर कुणालाही धड उत्तर न दिलेले वडील बशीतला चहा फुंकत म्हणाले, "शेत पन एवरासाच व्हता."

आत्या लग्नाआधी त्याच शेतात राबली होती. माझे वर धरलेले केस तिने सोडले, हाताने नीट सारखे केले आणि उष्टे कप गोळा करून मोरीत गेली.