गार इंजिनाची वाट

आळीतले नटबोल्टमामा पंप दुरुस्त करत. निम्मं पोट टेकडीवरच्या पंपांवर चालायचं, पण गुडघ्यांनी टेकडीशी बोलणंच टाकलं होतं. म्हणून मामींना घेऊन ते चार जाड चाकांची, टेकडी चढणारी जुनी क्वाड बाइक बघायला आले.

"इंजिनाचं किरकोळ काम आहे," म्हणत विकणारा चावी फिरवायला वाकला.

मामांनी आधी इंजिनाला तळहात लावला नि चटकन काढला. "ही तापलीय कशी?"

"उन्हानं."

"शेडमध्ये?" मामींनी विचारलं.

तापवून ठेवलेलं इंजिन दुखणं लपवतं, हे मामांना पाठ होतं. ते तासभर पालथ्या बादलीवर ठाण मांडून बसले. इंजिन निवत गेलं, विकणारा घामाघूम होत गेला. आतून ठोके ऐकू आले, तर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडाच गेला; तो खर्च परवडणारा नव्हता, म्हणजे टेकडीही गेली.

चावी फिरली. दोनदा काहीच नाही. तिसऱ्यांदा निळा धूर ओकत इंजिन सुरू झालं. मामांनी श्वास रोखून कान लावला. ठोके नव्हते.

"फक्त पिस्टनच्या रिंगा गेल्यात, म्हणून तेल जळतंय. त्या मीच बदलेन. घेऊ या."

"घ्या," मामी म्हणाल्या. "दोन गुडघ्यांना तेल चोळतेच आहे, आता हिलाही चोळते."