न पिणाऱ्याची शपथ

माझे बाबा आयुष्यात कधी दारू प्यायले नाहीत, आणि तरी गावदेवीच्या पायांवर हात ठेवून त्यांनी दारू सोडली. वसईत आमची मोगऱ्याची वाडी. ऊन चढायच्या आत कळ्या खुडायच्या आणि कमरेच्या झोळीत टाकायच्या. बाबांच्या हातून त्या सांडू लागल्या, चालताना झोक जाऊ लागला, मान उगाचच झटके खाऊ लागली. सगळे म्हणाले, सकाळीच टाकून येतो. आई रोज त्यांचं तोंड हुंगायची. वास कधीच आला नाही, तर म्हणायची, "वेलची चघळून येतात, लबाड." शेवटी देवळात शपथ झाली. घरातलं भांडण मिटावं म्हणून त्यांनी ती घेतली असावी. की त्यांनाही वाटू लागलं होतं, आपण पितो? मला आजही कळत नाही.

शपथेनंतरही झोक जाणं थांबेना, तेव्हा आईने त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

हंटिंग्टन हे आजाराचं नाव आमच्यापर्यंत पोचलं तोवर बाबा अंथरुणाला खिळले होते. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर समजावलं. एका जनुकात तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. सगळ्यांच्याच येतात, बाबांच्यात फारच जास्त वेळा आली. त्यातून बिघडलेलं प्रथिन तयार होतं आणि मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात. मी मान डोलावली, पण डोळ्यांपुढे गजराच होता, कुठे थांबायचं तेच विसरलेला. "तुमच्यात यायची शक्यता अर्धी," त्या म्हणाल्या. घरी येईपर्यंत मी त्या अर्ध्याचाच विचार करत होतो. अर्धा आजार तर कुणाला होत नाही.

रक्त तपासलं की कळतं. पण औषधच नाही तर कळून करायचं काय, म्हणून बाबा गेल्यावरही मी ते टाळलं, आणि स्वतःला शहाणा समजलो. आता बायकोला मूल हवंय. त्यातच बातमी वाचली, परदेशात थोड्या रुग्णांच्या मेंदूत थेट औषध सोडलं आणि त्यांचा आजार धिमा झाल्यासारखा दिसतोय. बरा नाही, धिमा. तेही अजून पक्कं नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण आला राग. न तपासण्याचं माझं एकुलतं एक कारण कुणीतरी परस्पर पळवलं होतं.

काल सकाळी मी पाण्याच्या पाइपला अडखळलो आणि मोगऱ्यात पडलो. झोळीतल्या कळ्या मातीत गेल्या. त्या पाइपला कुणीही अडखळतं. मीही पूर्वी अडखळलोय. की नाही अडखळलो? आठवेना. आई धावत आली, मला उठवलं आणि नाक माझ्या तोंडाजवळ आणलं.

"आई, मी घेतलेली नाही."

ती तिथेच वाफ्यात बसली. "घेतली असतीस तर बरं झालं असतं रे," म्हणाली आणि रडायला लागली.

उद्या रक्त देऊन येतो, एवढंच मला सुचलं.